भाकरी कमी करण्याआधी तेलाचा कॅन बघा: वजन वाढवणाऱ्या रोजच्या सवयी

सोलापुरात डॉक्टरांनी 'वजन कमी करा' म्हटलं की पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. दोनाची एक होते. कुणी ज्वारीचा डबाच बंद करतं आणि ओट्सची पाकिटं घरात येतात. तीन-चार महिने मन मारून सगळं पाळलं जातं, काटा मात्र जागचा हलत नाही. शेवटी 'आमच्या अंगलटीतच आहे' म्हणून नाद सोडला जातो. हे बघून जीव तुटतो, कारण मेहनत खरी असते, ती फक्त चुकीच्या जागी खर्च होते.

भाकरीचा हिशोब आधी मांडू. मालदांडी ज्वारीची एक मध्यम भाकरी साधारण 60 ग्रॅम पिठाची धरली तर त्यातून 200 कॅलरी मिळतात, सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा. (इथे कॅलरी म्हणजे आहारशास्त्रातली किलोकॅलरी.) तेलाचा थेंब नाही. चोथ्यामुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं आणि भाकरी चावायला वेळ लागतो, कडक भाकरी असेल तर आणखीच. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून चावून खावं लागणारं अन्न आपोआप बेतात खाल्लं जातं. दोन भाकऱ्या, डाळ किंवा पालेभाजी, दही, कांदा, थोडी शेंगा चटणी एवढ्या जेवणाने कुणी जाड होत नाही. वजन वाढतं ते बहुतेक वेळा 'जेवण' या नावाखाली न मोजलेल्या गोष्टींनी. त्या इतक्या छोट्या आणि इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की कुणी विचारलं तरी आठवत नाहीत.

किती छोट्या? शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी साठलेल्या असतात. त्यावरून बरेच जण सरळ गुणाकार करतात, की रोज 100 कॅलरी जास्त म्हणजे वर्षाला पाचेक किलो, दहा वर्षांत पन्नास. तसं घडत नाही. वजन वाढलं की ते शरीर चालवायला, हलवायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून वाढ हळूहळू थांबते. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याचा ठोकताळा मांडला. रोजच्या खाण्यात 24 कॅलरींचा कायमचा फरक पडला, तर वजनात शेवटी साधारण एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात दिसतो, बाकीचा जवळजवळ सगळा तीन वर्षांत. म्हणजे रोज 100 कॅलरी जास्त गेल्या तर चारेक किलो वाढतात. मग कुठेतरी नोकरी बदलते, गाडी येते, मूल होतं, रोजच्या 100 कॅलरींची आणखी एक भर पडते आणि आणखी चार किलो चढतात. एका सणात, एका लग्नात कुणी जाड होत नाही. जे वर्षाचे तीनशे दिवस चालतं, तेच अंगावर दिसतं.

हा ठोकताळा उलट्या बाजूनेही तेवढाच खरा आहे. रोजच्या 100 कॅलरी कायमच्या कमी झाल्या तर वजन उतरतं, पण वेळ घेऊन. 'पंधरा दिवसांत दहा किलो' सांगणाऱ्या जाहिरातीवर एक रुपयाही घालवू नका. त्या दिवसांत उतरतं ते बरंचसं पाणी असतं, आणि ते परत येतं.

आता गिरणीची एक गोष्ट. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यावर ज्यांच्या घराचं घड्याळ चालायचं अशी माणसं अजून भेटतात. म्हणून वजनाच्या शास्त्रातला एक जुना अभ्यास आपण आवर्जून माहीत करून घ्यावा असा आहे. पोषणशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या 213 पुरुषांचं काम, खाणं आणि वजन तपासलं. 1956 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एका टोकाला ओझी वाहणारे, दुसऱ्या टोकाला कारकून, सुपरवायझर आणि आवारात दुकान मांडून बसणारे. हलक्या कामापासून जड कामापर्यंत गेलं तर चित्र अपेक्षेप्रमाणे होतं: कष्ट जास्त तर खाणं जास्त, आणि वजन साधारण सारखं. पण दिवसभर बसून काम करणाऱ्यांकडे आल्यावर गणित मोडलं. त्यांनी कमी खायला हवं होतं. ते मात्र कष्टकऱ्यांएवढंच किंवा त्याहूनही जास्त खात होते, आणि वजनही त्यांचंच सगळ्यात जास्त होतं.

या अभ्यासातून एक गोष्ट कळते. शरीर हलतं तोवर भूक आणि गरज यांचा मेळ राहतो. हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भूक त्या प्रमाणात खाली येत नाही. पुढच्या काळातल्या बऱ्याच निरीक्षणांत हेच दिसत आलं आहे. बसून काम करणाऱ्याला दुपारी कडकडून भूक लागते ती खोटी नसते, पण ती गरजेची मोजणीही नसते.

आपल्या शहरात दोन पिढ्यांत हेच घडलं. यंत्रमागावरचा कामगार आठ-दहा तास उभा असतो. मागांच्या मधून येरझारा घालतो, धोट्यातली कांडी बदलतो, तुटलेला धागा वाकून जोडतो, आणि हे सगळं पत्र्याखालच्या उकाड्यात. त्याचा मुलगा कॉम्प्युटरसमोर बसतो, दुकानाच्या गल्ल्यावर बसतो किंवा दिवसभर गाडीवर असतो. सकाळचा नाष्टा दोघांचा तोच, ताटातली वाढ तीच. मुलगा आळशी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याचं कामच बैठं आहे, आणि घरातल्या जेवणाची मापं मात्र उभ्या कामाची राहिली आहेत.

इथे पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांबद्दल थांबून बोललं पाहिजे. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि हजाराच्या हिशोबाने विड्या. मान खाली ती खालीच. संध्याकाळी कंबर धरलेली असते, बोटं आखडलेली असतात, नाकातोंडात तंबाखूची धूळ गेलेली असते. एवढे कष्ट करूनही वजन वाढतं तेव्हा त्यांना वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. पण दमणं वेगळं आणि शरीराने ऊर्जा खर्च करणं वेगळं. मांड्या, पाठ, पोटऱ्या हे मोठे स्नायू तासन्‌तास हललेच नाहीत तर जीव दमतो, कॅलरी मात्र थोड्याच खर्च होतात. अशा बाईला 'पहाटे उठून तासभर फिरायला जा' सांगणं सोपं आहे, पण तो तास तिच्याकडे नसतो. विड्यांचे चार कट्टे (जुड्या) झाले की उठून पाणी पिणं, दारापर्यंत जाऊन येणं, उभ्याने पाठ ताणणं हे तिला जमण्यासारखं आहे, आणि गुडघ्यांनाही बरं.

अशा किरकोळ हालचालीला किरकोळ समजू नका. अमेरिकेतले डॉक्टर जेम्स लेव्हिन यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. व्यायाम सोडून दिवसभरातली जी हालचाल असते, म्हणजे उठबस, जिने, झाडलोट, पायी बाजार, उभं राहून गप्पा, त्यातून होणारा खर्च सारख्या बांध्याच्या दोन माणसांत दिवसाला 2000 कॅलरींपर्यंत वेगळा असू शकतो. एवढा फरक टोकाच्या उदाहरणातला. पण नव्या पेठेत कोपऱ्यावरच्या दुकानात जायला गाडी काढायची की चालत जायचं, यातून हा आकडा रोज थोडा थोडा ठरत असतो.

'तिशीनंतर शरीर मंदावतं, काय करणार' हेही नेहमी ऐकू येतं. 2021 मध्ये 29 देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजणीचा अभ्यास आला. शरीराचा बांधा लक्षात घेतला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. तिशीनंतर बदलतो तो आपला दिवस.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गळती तिथे आहे आणि ती दुरुस्त करणंही तिथेच सगळ्यात सोपं आहे. फोडणी घालताना हाताकडे बघा. कॅन तिरका होतो, धार कढईत पडते, तळ चमकला की हात थांबतो. मोजमाप नसतं, अंदाज असतो, आणि कढई मोठी असली की अंदाजही मोठा होतो. तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात. पीठ, साखर, डाळीतल्या प्रथिनांत 4. म्हणून तेलाचा एक लहान चमचा म्हणजे 40 कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर माणशी रोज साधारण 38 ग्रॅम तेल पोटात जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 2000 कॅलरींच्या आहारासाठी तेल-तुपाचं प्रमाण 27 ग्रॅम दिलं आहे. फरक 11 ग्रॅमचा, म्हणजे माणशी रोज 100 कॅलरी. वरच्या ठोकताळ्याने घरातल्या प्रत्येकाचे चार किलो.

यावर उपाय म्हणून बेचव जेवण नको. कॅन उघडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. पहिला महिना काहीच बदलू नका, फक्त किती दिवसांनी संपतो ते बघा. मग ओतणं बंद करून चमच्याने तेल घाला, आणि चौघांना पाच लिटर चाळीस-बेचाळीस दिवस पुरवा. ताटात काहीही बदललेलं दिसणार नाही. तळणीचं उरलेलं तेल भाजीत संपवायची सवय असेल तर तेही या हिशोबात धरा.

शेंगा चटणीवर सोलापूरकर माझ्याशी भांडतील, म्हणून स्पष्ट लिहिते. शेंगदाण्याचं जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं आणि पाव हिस्सा प्रथिनांचा. कांडून तेल सुटलेली चटणी मोठा चमचाभर घेतली, साधारण 15 ग्रॅम, तर 80-85 कॅलरी. तिच्याने पोट भरतं, भाकरीला चव येते, दुसरी तेलकट भाजी लागत नाही. ती सोडू नका. बरणीतून थेट ताटात पडते ती एक चमचाच पडू द्या आणि वरून आणखी तेल ओतायचं थांबवा, दही चालेल. काही कमी करायचंच असेल तर आधी चहासोबतची बिस्किटं, खारी आणि फरसाण कमी करा. चार ग्लुकोज बिस्किटांत चटणीच्या चमच्याएवढ्याच कॅलरी असतात, पण पोटाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

चहाचं तसंच. कपात दोन चमचे साखर म्हणजे 10 ग्रॅम. घरचे दोन, कामावरचे दोन, कुणी भेटलं म्हणून एक, असे पाच कप झाले की 50 ग्रॅम साखर, 200 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. पेयातून गेलेल्या कॅलरींनी भूक फारशी भागत नाही, त्या जेवणावर वर चढतात. उन्हाळ्यात पारा 43-44 ला गेला की थंड बाटल्या आणि ज्यूसवर हात जातो, त्यालाही हेच लागू. ताक, लिंबू-मीठ-पाणी, माठातलं पाणी यांनी तहान जास्त चांगली भागते. चहाची साखर एकदम तोडायची गरज नाही. दोनाचा दीड चमचा करा, तीन आठवड्यांनी एक. जिभेला नवी गोडी पटायला तेवढा वेळ लागतोच. पाहुणे म्हणून गेलेल्या घरी मात्र 'साखर कमी टाका वहिनी' म्हणायला संकोच करू नका.

संध्याकाळी पाच ते रात्री साडेनऊ हा सगळ्यात नाजूक वेळ. दुपारी घाईत थोडं खाल्लेलं असतं, भूक साठत जाते. मग पार्क चौपाटीवर काहीतरी होतं, घरी आल्यावर टीव्हीसमोर चिवड्याचा डबा येतो आणि रात्री दहाला पुन्हा पूर्ण जेवण. लक्ष पडद्यावर असलं की किती खाल्लं याची नोंद मनात नीट होत नाही. शिवाय पाकिटातला खाऊ वेगळाच. हॉल यांनीच 2019 मध्ये 20 जणांना महिनाभर संशोधन रुग्णालयात ठेवून प्रयोग केला. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हीत साखर, मेद, चोथा जुळवलेला, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलो वाढलं. त्या अन्नावर ते जास्त वेगाने जेवत होते. कडक भाकरी त्या वेगाने खाऊन बघा, जमत नाही.

म्हणून पाच-साडेपाचला ठरवून काहीतरी खा: मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, मोड आलेली मटकी, एक फळ, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. रात्रीचं जेवण साडेआठपर्यंत आणता आलं तर आणा. चौपाटीवर जा, आठवड्याचा एक वार ठरवून जा आणि मनापासून खा.

घरातल्या बाईच्या वजनामागे एक कारण असतं, त्यावर कुणी बोलत नाही. ती सगळ्यांत शेवटी जेवते आणि पातेल्यात उरलेलं, पोराने टाकलेलं 'वाया नको जायला' म्हणून तिच्या पोटात जातं. तिला 'तू कमी खा' म्हणण्याआधी घरातल्या बाकीच्यांनी तिच्यासोबत एका वेळी बसून जेवावं आणि उरलेलं झाकून ठेवावं. सकाळी फोडणीची भाकरी होते, भाताचंही काहीतरी होतंच. मापाने रांधणं ही सगळ्या घराची जबाबदारी आहे, आणि वजनाचं कुठलंही पथ्य एकट्या माणसाने वेगळं ताट मांडून फार दिवस टिकत नाही.

उपवासाचं थोडक्यात: पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे एकादशा घरोघर होतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा हा जवळपास नुसता स्टार्च, त्यात तूप आणि भरपूर कूट. भगर, दही, भाजलेलं रताळं, फळ यांवरही उपवास छान होतो.

झोपेकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. रात्रपाळी, उशिरापर्यंतचा मोबाईल, पाण्याच्या पाळीसाठी अवेळी उठणं, यातून झोप पाच-सहा तासांवर येते. झोप कमी पडली की भूक वाढते आणि ती गोड-तळलेल्याकडे ओढते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या 80 जणांपैकी निम्म्यांना झोप वाढवायला मदत केली. त्यांची झोप तासाभराहून जास्त वाढली, आणि खाण्याबद्दल काहीही न सांगता बाकीच्या निम्म्यांच्या तुलनेत त्यांच्या पोटात रोज सरासरी 270 कॅलरी कमी गेल्या. पथ्यांची लांब यादी घेऊन बसण्याआधी रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून बघा.

फिरण्याबद्दल खरं सांगायचं तर अर्धा तास झपझप चालून साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. परतताना भज्यांची एक प्लेट घेतली की त्या भरून निघतात आणि वर उरतात. म्हणून नुसत्या चालण्याने वजन भराभर उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. चालणं तरीही सोडू नका. त्याने जेवणानंतरची साखर आटोक्यात राहते, झोप सुधारते, आणि उतरलेलं वजन परत चढू नये यासाठी हालचाल फार उपयोगी पडते. आठवड्याला किमान 150 मिनिटं, सोबत दोन दिवस खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून जोर असा ताकदीचा व्यायाम. कंबर तलावाचा काठ किंवा पार्क मैदान, जे जवळ असेल ते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा.

एका वेळी एकच बदल करा, आणि तो आधीच्या एखाद्या नेमाला बांधा: रात्रीचं ताट उचललं की चपला घालून दहा मिनिटं गल्लीत. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण माणसागणिक ते 18 पासून 254 पर्यंत होते. मध्ये एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. 'एकवीस दिवसांत सवय' ऐकून बाविसाव्या दिवशी खचलेल्यांना हे मुद्दाम सांगायला हवं.

मोजायचं काय? काट्यापेक्षा कंबर. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80 ही मर्यादा मानतात. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच होतं, पण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही पोटाभोवती चरबी साठलेली असू शकते आणि मधुमेहाचा धोका तिथून येतो. म्हणून 'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांनीही टेप लावून बघावी.

काही वेळा कारण सवयींत नसतंच. दोन-तीन महिन्यांत कारण नसताना वजन झपाट्याने वाढलं, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज आली, पाळी अनियमित झाली, सतत थकवा आणि थंडी वाटू लागली, झोपेत जोरात घोरणं आणि श्वास अडकणं होत असेल, किंवा स्टिरॉइड, इन्शुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं सुरू झाल्यापासून वजन चढलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते, त्यामुळे वरचे बदलही डॉक्टरांना सांगून करा. गरोदर बायकांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी वजन उतरवायच्या मागे लागायचं नाही. मुलांसाठी मैदान, वेळेवर झोप आणि घरात पाकिटं कमी आणणं पुरतं, आणि त्यांच्यासमोर त्यांच्या अंगावरून बोलणं आजच बंद करा.